मोबाईलवर खेळण्यालायक गेम कसे निवडता?

कोडेबाज

स्टोअरमधल्या 'टॉप' याद्या बघून गेम उतरवणं मी सोडून दिलंय. यादीत वर असलेला गेम चांगला असतोच असं नाही. तो जास्त उतरवला जातो किंवा जास्त कमावतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि जास्त उतरवला का जातो, तर जाहिरात जोरात चालते म्हणून. पिना ओढून कुणाला तरी लाव्हापासून वाचवायची ती जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. गेम उघडला की आत निघतं भलतंच, तीन सारख्या गोष्टी जुळवायचं काहीतरी. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या असल्या जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये बंदी घातली होती. तरी तो प्रकार काही थांबलेला नाही.

म्हणून गेम उतरवण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: याचे पैसे कुठून येतात? ग्राफिक्स, तारे, प्रकार वगैरे सगळं नंतर. प्ले स्टोअरवर इन्स्टॉलच्या बटणापाशीच लिहिलेलं असतं, जाहिराती आहेत की नाही आणि गेमच्या आत खरेदी आहे की नाही. माहितीचा भाग उघडून खाली गेलं की आतल्या वस्तूंची किंमत किती ते किती, तेही दिसतं. हा आकडा फार बोलका असतो. वरचं टोक लहान असेल तर बहुधा 'जाहिराती काढा' किंवा 'पूर्ण गेम उघडा' अशी एकदाची खरेदी असते. वरचं टोक बघून डोळे पांढरे झाले तर समजायचं की इथे रत्नांची पोती विकायला ठेवली आहेत आणि अख्खा गेम ती पोती खपावीत म्हणून रचलाय.

रचलाय म्हणजे कसा? कँडी क्रशचं बघा. पाच जीव असतात, हरलात की एक जातो आणि तो परत यायला ३० मिनिटं लागतात. पाचही गेले की थांबा, मित्रांकडे मागा नाहीतर पैसे टाका. त्या अर्ध्या तासामुळे खेळाला काही रंगत येत नाही, तो अडथळाच विकायला ठेवलेला आहे. एकदा हे दिसायला लागलं की इतर गेममध्येही दिसतं: इमारत बांधून व्हायला आठ तास, पेटी उघडायला तीन तास, 'ऊर्जा' संपली, उद्या या.

यापेक्षा वेगळा गेम कसा असतो ते सांगतो. थ्रीज नावाचा २०१४ चा गेम आहे. चार बाय चारचा पट. एक आणि दोन मिळून तीन होतात, पुढे सारखा आकडा सारख्यालाच चिकटतो: तीन-तीन सहा, सहा-सहा बारा. बोट सरकवलं की फरशा एकेकच घर सरकतात, आणि पुढची फरशी कुठली येणार ते वर दिसत असतं. या दोन बारक्या नियमांत सगळी गंमत आहे. बोट पूर्ण न उचलता फरशी अर्धी सरकवून बघता येते, नाही पटलं तर मागे घेता येते. त्यामुळे प्रत्येक चाल विचार करून करावीशी वाटते. हा गेम घडवायला वर्षभराहून जास्त वेळ लागला. तो येऊन महिना-दीड महिना झाला नाही तोच २०४८ आला आणि फुकट असल्यामुळे जगभर पसरला. २०४८ वाईट नाही, पण त्यात फरशा थेट भिंतीपर्यंत घसरतात. मोठा आकडा कोपऱ्यात दाबून ठेवला की निम्मं काम झालं. थ्रीजमध्ये ती पळवाट चालत नाही.

तर तुम्ही कसे निवडता? नावं सांगा, पण 'भारी आहे' एवढ्यावर सोडू नका. का भारी आहे तेही लिहा.

उनाडटप्पू

गेमला पैसे द्यायचे?? विनोदी विभागात हलवा धागा.

रात्रपाळी

कोडेबाज, पैशांच्या मुद्द्याला अनुमोदन. माझी कसोटी त्याहून साधी आहे: कुठल्याही क्षणी फोन खिशात टाकता आला पाहिजे. कामाच्या मध्ये पाच मिनिटं मिळतात, कधी दोनच. मधेच हाक आली आणि गेम म्हणाला 'आत्ता सोडलंस तर हरशील', की तो माझ्या फोनवरून गेला. समोर खरी माणसं खेळत असतात असले सगळे ऑनलाईन सामने माझ्यासाठी इथेच बाद होतात.

या कसोटीवर पास होणारा म्हणजे पॉलिटोपिया. २०१६ चा गेम, एक चाल तुमची, एक समोरच्याची. 'परफेक्शन' प्रकारात फक्त ३० चाली मिळतात, तेवढ्यात जमेल तेवढं राज्य वाढवायचं. फोन उभा धरून एका अंगठ्याने होतं. चाल अर्धी सोडून दुसऱ्या दिवशी उघडा, सगळं जिथल्या तिथे. मूळ गेम फुकट, जास्तीच्या टोळ्या हव्या तर विकत घ्यायच्या. पैशाने चाल विकत मिळत नाही, हे महत्त्वाचं.

दुसरा मिनी मेट्रो. पांढऱ्या कागदावर गोल, त्रिकोण, चौकोन उमटत जातात, ती स्टेशनं. बोटाने रेघ ओढून ती जोडायची. प्रवासीही छोटे गोल-त्रिकोणच असतात, प्रत्येकाला आपल्या आकाराच्या स्टेशनवर जायचं असतं. आठवडा संपला की एक इंजिन मिळतं, आणि बोगदा, डबा, नवी लाईन असल्यांपैकी काहीतरी निवडायला मिळतं. एखाद्या स्टेशनवर गर्दी साचून राहिली की खेळ खलास. त्रिकोणाशेजारी त्रिकोण असे तीन-चार एकाच रेघेत आले की सगळे एकाच दिशेने जायला बघतात आणि गाडी चोंदते. एक गोल, एक त्रिकोण, एक गोल, एक चौकोन असं आलटून पालटून गुंफलं की रेघ वाहती राहते. हे कुणी शिकवत नाही, दोन-चार शहरं बुडाली की आपोआप कळतं.

मोगरा

मी विरोधी पक्षात बसते. तुम्ही सगळे 'एकदा पैसे द्या, शांत खेळा'वाले. मी गेन्शिन इम्पॅक्ट खेळते आणि एक पैसा न देता खेळते. डोंगरावर चढा, वरून उडी मारून तरंगत खाली या, संगीत ऐका. एवढं मोठं मोकळं जग फुकट खेळायला दुसरं कोण देतं? गोष्टीचा मुख्य भाग फुकट मिळणाऱ्या पात्रांवर पूर्ण होतो. ज्यांना नवी पात्रं हवीत ते पैसे देतात, त्यांच्या जिवावर माझ्यासारखे खेळतात. यात वाईट काय?

कोडेबाज

मोगरा, वाईट काही नाही, पण नवी पात्रं ज्या सोडतीतून मिळतात ती कशी चालते ते नव्या माणसाला माहीत हवं. गेन्शिनमध्ये पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ पात्र जास्तीत जास्त ९० 'विश'मध्ये (एक विश म्हणजे सोडतीची एक ओढ) पक्कं मिळतं, याला खेळणारे 'पिटी' म्हणतात. पण मिळालेलं पात्र तुम्हाला हवं तेच असेल याची खात्री पहिल्या वेळी नसते. नशिबाने दगा दिला तर पुढच्या ९० मध्ये ते पक्कं. म्हणजे अगदीच फुटकं नशीब असेल तर १८०. आणि ते पात्र ठरावीक दिवसच उपलब्ध असतं, मग जातं. 'आत्ता नाही तर कधी येईल सांगता येत नाही' हे दडपण तुझ्यावर चालत नसेल, सगळ्यांचं तसं नसतं. अशा पेट्या-सोडतींना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते उगाच नाही. जपानमध्ये तर 'कॉम्पु गाचा' नावाचा प्रकार २०१२ मध्येच बंद करावा लागला. त्यात सोडतीतून आलेल्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस मिळायचं. शेवटची एक वस्तू काही केल्या येत नाही आणि लोक ओढत बसतात.

मोगरा

मान्य. नव्या माणसाला मी पण हेच सांगते: कार्ड जोडू नकोस. पण मग हेही मान्य करा की विकतचा म्हणजे कायमचा नव्हे. अँग्री बर्ड्सचा पहिला गेम मूळ रूपात पुन्हा बनवून, जाहिराती न घालता, विकत मिळायला लागला होता. २०२३ मध्ये कंपनीने प्ले स्टोअरवरून काढला. कारण काय, तर त्याचा आमच्या इतर गेमवर परिणाम होतो! म्हणजे साधा विकतचा गेम फुकटच्या गेमचं गिऱ्हाईक खात होता.

रात्रपाळी

हे कारण त्यांनी स्वतः दिलं याचं मला जास्त कौतुक. इतका प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

तारतम्य

मोगराच्या मुद्द्याला तांत्रिक पुरवणी. कंपनीने काढला नाही तरी गेम मरतो. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं आणि ३२-बिटचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले सगळे ॲप चालेनासे झाले. ज्यांच्या निर्मात्यांनी नवी आवृत्ती काढली ते वाचले, बाकीचे विकत घेतलेले असूनही गेले. अँड्रॉइडवरही आता असे फोन आहेत ज्यांवर ३२-बिट चालतच नाही. इन्फिनिटी ब्लेडसारखा एके काळी आयफोनची शान म्हणून दाखवला जाणारा गेम २०१८ च्या शेवटी स्टोअरमधून काढला गेला.

म्हणून मी 'शेवटचा अपडेट कधी' ही तारीख पाहतो. चार-पाच वर्षं हात लागला नसेल तर विकत घेताना दहा वेळा विचार करतो. गेम छोटा आणि फुकट असेल तर हरकत नाही.

अजून दोन गोष्टी. उतरवल्यावर एकदा विमान मोड लावून उघडा. एकट्याने खेळायचा गेम नेटशिवाय उघडतच नसेल तर त्याला तुमच्यापेक्षा सर्व्हरशी बोलण्यात जास्त रस आहे. आणि अर्धा तास खेळून फोनच्या पाठीला हात लावा. चटका बसत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा) ६० वरून ३० करा. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग गेम अडखळतो आणि लोक म्हणतात गेम खराब. पत्त्यांचे, कोड्यांचे गेम ३० वर ठेवले तर फरक कळत नाही आणि बॅटरी वाचते.

दोन_कार्टी

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलं लहान आहेत, एक पहिलीत, एक अजून शाळेत जायचंय. 'मुलांसाठी' म्हणून उतरवलेल्या एका गेममध्ये रंग भरायचे होते. दर चित्रानंतर जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की धाकटा हमखास चुकीच्या जागी दाबतो आणि थेट स्टोअर उघडतं. फुकटातलं, जाहिरात नसलेलं काही आहे का? आणि चुकून खरेदी होऊ नये म्हणून काय करता?

तारतम्य

खरेदीचं आधी, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती 'प्रत्येक वेळी'वर ठेवा. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपमधली खरेदी सरसकट बंदच करता येते. पूर्वी एकदा पासवर्ड टाकला की काही मिनिटं पुन्हा विचारत नसत आणि त्या मिनिटांत मुलं खरेदी करून मोकळी व्हायची. अमेरिकेत हे प्रकरण एवढं वाढलं की २०१४ मध्ये ॲपलला ग्राहकांना किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलला किमान १.९ कोटी डॉलर परत द्यायचं कबूल करावं लागलं.

चुकून खरेदी झालीच तर गप्प बसू नका. प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते, जितक्या लवकर तितकं बरं. ॲपलकडेही विनंती करता येते, पण मिळेलच असं नाही.

मोगरा

दोन_कार्टी ताई, इतक्या लहान मुलांसाठी ॲपल आर्केड किंवा प्ले पासचा विचार करा. दोन्ही २०१९ ला सुरू झाले. दरमहा वर्गणी, पण त्यातल्या गेममध्ये जाहिराती नाहीत आणि आत खरेदी नाही, शिवाय घरातल्या बाकीच्यांनाही त्याच वर्गणीत वापरता येतं. वर्गणी बंद केली की गेमही बंद, हे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर रडारड ठरलेली.

बाकी धाकट्याला फोनच कशाला, हा सल्ला तुम्ही मागितलेला नाही म्हणून देत नाही.

दोन_कार्टी

मोगरा, शेवटच्या वाक्याबद्दल विशेष आभार. तो सल्ला घरातच रोज मिळतो.

निवृत्त_वाचक

धागा आवडला. आमच्यासारख्यांचंही बघा. मला घड्याळ लावलेले खेळ नकोत, चमचमाट नको, 'अभिनंदन' म्हणून फटाके नकोत. पूर्वी संगणकावर सुरुंगाचा खेळ (माइनस्वीपर) आवडीने खेळत असे. फोनवर तो शोधला तर प्रत्येक ठिकाणी जाहिराती.

कोडेबाज

काका, तुमच्यासाठी एक रत्न आहे (विकत मिळणारं नव्हे). सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह. स्टोअरमध्ये 'सायमन टॅथम्स पझल्स' असं शोधा. तीस-चाळीस प्रकारची कोडी, पूर्ण फुकट, मुक्तस्रोत, एकही जाहिरात नाही, नेट लागत नाही. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखा आहे, पण तिकडे लक्ष देऊ नका.

यातला सुरुंगाचा खेळ मुद्दाम बघा. नेहमीच्या खेळात शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात, एकात सुरुंग, कुठल्या ते कळायला मार्ग नाही, आणि अर्धा तास घालवून नाणेफेक करावी लागते. इथे पट असा मांडला जातो की पहिल्या टिचकीनंतर अंदाजाची गरजच पडत नाही. अडलात तर उत्तर तर्कात आहे, नशिबात नाही. सुरुंग फुटला तरी चाल मागे घेता येते. एवढ्या एका सुधारणेने खेळाची जातच बदलते.

सरावलात की 'लूपी' नावाचं कोडं उघडा. ठिपके, मध्ये आकडे (त्या घराच्या किती बाजूंना रेघ हवी ते सांगणारे), आणि सगळ्यांना मिळून एकच बंद वाट काढायची. कोपऱ्यातल्या घरात ३ असेल तर त्या कोपऱ्याच्या दोन्ही रेघा लगेच भरून टाकायच्या, तिथून सुरुवात होते.

रात्रपाळी

काकांना बुद्धिबळ येत असेल तर लीचेस पण. देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, कोडी कितीही सोडवा. घड्याळ नको असेल तर अनेक दिवसांचा डावही लावता येतो, दिवसाला एक चाल केली तरी पुरे.

निवृत्त_वाचक

सुरुंग उतरवला. पहिल्या दोन डावांत मीच अंदाजाने टिचकी मारली, सवयीने. आता बघतो.

उनाडटप्पू

बरं, गंमत बाजूला. फुकट, जाहिरात नाही, आत खरेदी नाही, आणि आजोबांची कोडी पण नकोत. आहे काही?

तारतम्य

आहे की. डेटा विंग, २०१७ चा. शर्यतीचा गेम, एक टोकदार त्रिकोण चालवायचा. डाव्या बाजूला दाबलं की डावीकडे वळतो, उजव्याला उजवीकडे, बस्स. भिंतीला घासत गेलं की वेग वाढतो, हे कळलं की शर्यतीचं गणितच उलटं होतं. भिंत टाळायची नाही, शोधायची. वर एक गोष्टही आहे, ती सांगत नाही.

आणि वेळ भरपूर असेल तर शॅटर्ड पिक्सेल डन्जन. मुक्तस्रोत, अँड्रॉइडवर फुकट. तळघरात खाली खाली उतरायचं, दर वेळी नकाशा नवा, मेलात की पुन्हा पहिल्यापासून. औषधांच्या बाटल्यांचे रंग दर डावात बदलतात, त्यामुळे कुठली प्यायची नि कुठली फेकून मारायची हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागतं. सुरुवातीला सारखे मराल, कंटाळू नका. बाटली माहीत नसेल तर शत्रू जवळ नसताना, शक्यतो पाण्याजवळ उभं राहून प्या, कारण एका बाटलीत आग निघते.

मोगरा

ताऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही. मॉन्युमेंट व्हॅली घ्या. २०१४ चा, डोळ्यांना चकवणाऱ्या जिन्यांचा, मिनार फिरवला की तुटलेली वाट जोडली जाते. दहा प्रकरणं, एका संध्याकाळीही संपतो. त्याच वर्षी त्यांनी नवीन प्रकरणांची जोड आणली आणि तिचे थोडे पैसे मागितले, तर लोकांनी एक-तारा दिला. गेम वाईट म्हणून नाही, पैसे मागितले म्हणून! त्यामुळे मी सरासरी बघत नाही, तीन तारेवाल्यांचं वाचते. पाचवाले हरखलेले असतात, एकवाले चिडलेले. तीनवाला सांगतो, 'पहिले काही तास मस्त, मग जाहिरात बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.'

रात्रपाळी

वयाच्या शिक्क्यावरही डोळे झाकून जाऊ नका. बलाट्रो हा पत्त्यांचा गेम २०२४ मध्ये फोनवर आला. पोकरचे हात जुळवून गुण मिळवायचे, खऱ्या पैशाचा संबंध नाही, सोडत विकत मिळत नाही. तरी पत्ते दिसतात म्हणून युरोपच्या पेगी संस्थेने त्याला १८+ दिलं होतं, आणि खऱ्या पैशाने पाकिटं विकणारे फुटबॉलचे गेम ३+ म्हणून मिरवत होते. पुढच्या वर्षी अपील झालं तेव्हा बलाट्रोचा शिक्का १२+ वर आला.

गेम मात्र जपून उतरवा. 'अजून एक डाव' म्हणता म्हणता पहाट होते. खिशात कधीही टाकता येतो, टाकवत नाही.

कोडेबाज

मग तो तुमच्या कसोटीवर पास की नापास?

रात्रपाळी

पास. दोष माझा, गेमचा नाही. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्येही तेच. तिथला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा आणि झोपलं की सेव्ह होतं. म्हणजे थांबायची जागा गेमने दिलेली असते. पण सकाळी उठल्यावर पिकाला पाणी घालायचं बाकी असतं ना.

झरोका

उशिरा आले. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) फोन वापरते. वरचे बहुतेक गेम माझ्या कामाचे नाहीत. बटणांना नावंच दिलेली नसतात, रीडर नुसतं 'बटण, बटण' म्हणत राहतो. हे निवडीच्या यादीत कुणीच धरत नाही म्हणून लिहिते.

२०१५ चा 'अ ब्लाइंड लेजंड' मात्र मुद्दाम ऐकण्यासाठीच बनवलाय. पडद्यावर बघायला काही नाही, हेडफोन लावायचे. आंधळा योद्धा, त्याची मुलगी आवाजाने वाट दाखवते. तलवारीचा आवाज ज्या कानात आला त्या बाजूला बोट सरकवायचं. डोळसांनीही खेळून बघावा. संवाद इंग्रजीत आहेत, मराठी नाही.

तारतम्य

झरोका, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी मिनी मेट्रोत वेगळी सोय आहे, सेटिंगमध्ये चालू करावी लागते. स्क्रीन रीडरशी नीट बोलणारे शब्दखेळ किंवा पत्त्यांचे गेम तुम्ही वापरलेत का? असतील तर नावं द्या, वेगळा धागा काढू.

झरोका

आहेत काही. यादी करून टाकते, आयफोनची आणि अँड्रॉइडची वेगळी. एकच गेम दोन्हीकडे सारखा बोलत नाही.